दूरच्या तेलक्षेत्रावर स्वतःची वीज: यंत्र निवडण्याआधी काय ठरवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम राजस्थानात बाडमेरच्या बाजूला आठ तेलविहिरींचे एक छोटे क्षेत्र आणि त्यासाठी एक गॅदरिंग स्टेशन (विहिरींचे तेल गोळा करणारे केंद्र) उभे राहणार आहे. चालू लोड साधारण ९०० किलोवॅट आहे, भरवशाची ३३ केव्ही लाइन ४० किलोमीटरवर आहे आणि तेलाबरोबर थोडा वायूही निघतो. अशा ठिकाणी डिझेल जनरेटर घ्यावेत, गॅस इंजिने घ्यावीत, छोटी गॅस टर्बाइन घ्यावी की सौरऊर्जेवर जावे, ग्रिडची लाइन आणावी का, आणि कोणता पर्याय सर्वांत विश्वासार्ह ठरेल, असे तुम्ही विचारले आहे.

माझी नोकरीची पहिली वर्षे मुंबईच्या पश्चिमेला समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर गेली आणि नंतरचा बराच काळ वाळवंटात. दोन्ही ठिकाणी वीज आपली आपणच तयार करावी लागते, आणि ती गेली तर बाहेरून कोणी देणारा नसतो. त्या अनुभवावरून मी आधीच सांगून टाकतो की तुमच्या प्रश्नातल्या यंत्रांपैकी कोणतेही यंत्र मूळचे अविश्वासार्ह नाही. मी पाहिलेल्या बहुतेक मोठ्या ब्लॅकआऊटमध्ये इंजिन किंवा टर्बाइन निर्दोष होते. दोष होता तो त्याला मिळणाऱ्या वायूत, लोडच्या चुकीच्या वाटणीत किंवा पूर्ण अंधारातून पुन्हा उभे राहण्याची तयारी न केल्यात. म्हणून यंत्राची निवड थोडी मागे ठेवा आणि आधी या तीन गोष्टी कागदावर आणा.

पहिली गोष्ट लोडची यादी. बहुतेक प्रकल्पांत ही यादी मोटारींच्या नेमप्लेटवरचे आकडे बेरजेला घेऊन तयार होते आणि शेवटी एकच मोठा आकडा हाती येतो. त्या आकड्यावरून जनरेटर किती मोठा हवा हे कळते, पण वीज गेल्यावर काय होईल हे कळत नाही. प्रत्येक लोडसमोर एक रकाना वाढवा आणि त्यात लिहा की हा लोड किती वेळ बंद राहिला तर नुकसान होते. आग आणि वायुगळती ओळखणारी यंत्रणा, आपत्कालीन शटडाऊनची यंत्रणा, कंट्रोल सिस्टीम आणि संपर्कसाधने एक क्षणही बंद चालणार नाहीत, म्हणून ती बॅटरीवर, २४ किंवा ११० व्होल्ट डीसीवर अथवा यूपीएसवर. इन्स्ट्रुमेंट एअरचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या हवेचा, कॉम्प्रेसर काही मिनिटे थांबला तर रिसीव्हरमधली हवा पुरते, त्यानंतर मात्र व्हॉल्व्ह आपापल्या सुरक्षित स्थितीत जाऊन सगळे क्षेत्र बंद पडते. निवासाचे एसी, वर्कशॉप आणि पाणी इंजेक्शनचा दुसरा पंप तासभर थांबू शकतात.

तुमच्या भागात या रकान्याला आणखी एक अर्थ आहे. बाडमेरचे कच्चे तेल मेणयुक्त असते. २००४ मध्ये सापडलेल्या आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये उत्पादन सुरू झालेल्या मंगला क्षेत्राचे तेल ४० अंशांच्या आसपासच गोठू लागते. म्हणूनच तिथून गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणारी सुमारे ६७० किलोमीटरची पाइपलाइन संपूर्ण लांबीत विजेने गरम ठेवावी लागते. तेलाच्या नळाला समांतर एक वायूचा नळ टाकला आहे, आणि वाटेत ठरावीक अंतरावरच्या केंद्रांमध्ये त्या वायूवर वीज तयार करून तीच नळाच्या तापनासाठी वापरली जाते. नळाबरोबर इंधनही पुढे जाते आणि प्रत्येक टप्पा आपली वीज आपण तयार करतो, ही रचना दुर्गम ठिकाणच्या विजेचा अभ्यास करणाऱ्याने नीट समजून घ्यावी अशी आहे. तुमचे तेल त्याच जातीचे असेल तर हीटिंग आणि सर्क्युलेशन पंप ‘नंतर बघू’ या वर्गात कधीच टाकू नका. जानेवारीच्या रात्री सहा तास वीज गेली आणि नळात तेल गोठले तर ते पुन्हा हलवायला किती दिवस लागतील हे आधी कोणीच सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट इंधन. इथे साधा हिशेब केला तरी बराच गोंधळ मिटतो. डिझेल जनरेटर एका युनिटला (किलोवॅट-तासाला) साधारण पाव लिटरहून थोडे जास्त डिझेल घेतो. ९०० किलोवॅट चोवीस तास चालवायचे तर दिवसाला साडेपाच हजार लिटरच्या पुढे डिझेल लागेल, म्हणजे बारा हजार लिटरचा टँकर दर दोन दिवसांनी दारात हवा. वाळवंटातल्या रस्त्यावर आंधीने किंवा पावसाळ्यात अचानक आलेल्या पुराने दोन दिवस वाहतूक थांबणे ही दरवर्षीची गोष्ट आहे. तेच काम ४० टक्के कार्यक्षमतेच्या गॅस इंजिनाने केले तर घनमीटरमागे दहा युनिट उष्णता धरून दिवसाला सुमारे ५,४०० घनमीटर वायू लागेल. एवढा वायू तुमच्या विहिरींतून निघत असेल आणि तो नाहीतर फ्लेअरवरच (उघड्या ज्योतीवर) जळणार असेल, तर डिझेलवर कायमचे विसंबणे मला समर्थनीय वाटत नाही. जागतिक बँकेच्या उपग्रहाधारित अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभर सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू असा फ्लेअरवर जाळला गेला. आपल्या क्षेत्रावरची ज्योत लहान आहे म्हणून ती क्षम्य ठरत नाही.

मात्र वायू आहे आणि वायू इंजिनाला देण्याजोगा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या ठिकाणी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नवे लोक इथेच घाई करतात.

तेलाबरोबर निघणाऱ्या वायूत मिथेनखेरीज इथेन, प्रोपेन, ब्यूटेन आणि त्याहून जड घटक असतात. इंजिनासाठी वायूची नॉकला, म्हणजे सिलिंडरमधल्या अवेळी स्फोटक ज्वलनाला, टिकण्याची क्षमता मिथेन नंबरने मोजतात. शुद्ध मिथेनचा नंबर १००, प्रोपेनचा साधारण ३४ आणि ब्यूटेनचा १० च्या आसपास असतो. लीन-बर्न (जास्त हवेत पातळ मिश्रण जाळणाऱ्या) इंजिनांना पूर्ण क्षमतेसाठी सहसा ७० ते ८० नंबर लागतो. तुमच्या वायूचा नंबर ५५ निघाला तर विक्रेत्याच्या पुस्तकातले ४०० किलोवॅटचे इंजिन तुमच्याकडे ४०० किलोवॅटचे राहत नाही. हायड्रोजन सल्फाइड असेल तर इंजिन ऑइल लवकर आम्लधर्मी होते आणि तांब्याचे मिश्रण असलेले बेअरिंग खराब होऊ लागतात. म्हणून वायूच्या पृथक्करणाचा एकच जुना अहवाल पाहून निर्णय घेऊ नका. नमुना उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा घ्या, आणि विहिरींची जुळणी बदलली की पुन्हा घ्या.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे द्रव. सेपरेटरमधून (तेल आणि वायू वेगळे करणाऱ्या भांड्यातून) निघणारा वायू त्या तापमानाला जड घटकांनी संपृक्त असतो. म्हणजे तो जरा थंड झाला की त्यातून कंडेन्सेट (द्रवरूप जड घटक) गळू लागते. दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हमधून जाताना नैसर्गिक वायू प्रत्येक बारमागे साधारण अर्धा अंश थंड होतो. ८० बारवरून २५ बारवर आणला तर सुमारे २५ अंशांची घट होते. म्हणूनच टर्बाइनचे निर्माते वायू त्याच्या द्रवबिंदूपेक्षा साधारण २८ अंश जास्त गरम करून मागतात. त्यामुळे आधी स्क्रबर (वायूतला द्रव खाली पाडणारे भांडे), मग कोअलेसिंग फिल्टर (बारीक थेंब एकत्र करून अडवणारा) आणि त्यानंतर हीटर असा क्रम असतो. हा क्रम उलटला तर हीटर द्रवाचीच वाफ करून पुढे पाठवतो आणि ती पुढच्या थंड वळणावर पुन्हा द्रव होते. वाळवंटात यात आणखी एक सापळा आहे. मी एका ठिकाणी पाहिले की फिल्टर स्किड उत्तम होते, पण तिथून इंजिनापर्यंतचा दीडशे मीटरचा नळ उघडाच स्लीपरवर टाकलेला होता. दिवसा ४५ अंशांत काहीच तक्रार नसे. डिसेंबरात पहाटे तापमान पाच-सहा अंशांवर उतरले की इंजिने नॉक करून ट्रिप होत (आपोआप बंद पडत), आणि सूर्य वर आला की आपोआप बरी होत. नळाला इन्सुलेशन आणि ट्रेसिंग (नळ गरम ठेवणारी तार) दिले, उतार स्क्रबरकडे परत येईल असा केला आणि सखल जागी ड्रिप लेग (साचलेला द्रव काढायचा तुकडा) बसवला, तेव्हा तो आजार संपला.

समुद्रातली एक रात्र इथे सांगतो, कारण माझे सगळे मत तिच्यावर उभे आहे. जुलै महिना होता आणि दोन टर्बाइन चालू होत्या. तिसरी ओव्हरहॉलसाठी उघडलेली होती. प्लॅटफॉर्मवर राहणाऱ्याला टर्बाइनचा आवाज ऐकू येईनासा होतो, पण पायाखालच्या प्लेटची बारीक थरथर सतत जाणवत असते. रात्री दोनच्या सुमारास ती थरथर थांबली आणि त्यामुळेच मला जाग आली. दोन्ही टर्बाइन एक्झॉस्टच्या तापमानातील फरकावर मिनिटभराच्या अंतराने ट्रिप झाल्या होत्या. आपत्कालीन डीजी (डिझेल जनरेटर) लागला आणि जिन्यातले दिवे आले. वायू बंद पडला तर टर्बाइनने आपोआप डिझेलवर जावे अशी सोय होती, पण एकाही टर्बाइनने तो बदल यशस्वीपणे केला नाही. त्या सोयीची अकरा महिन्यांत एकदाही चाचणी झाली नव्हती आणि द्रव इंधनाचे नोझल कोकने बुजले होते.

आम्ही फ्युएल गॅस स्क्रबरपाशी गेलो. कंट्रोल रूममध्ये त्याची पातळी संध्याकाळपासून तीस टक्के दिसत होती, आणि ती शांतपणे तीसच राहिली होती. टॉर्चच्या उजेडात लेव्हल गेजच्या काचेत द्रवाची रेषाही बरोबर तिथेच होती. ऑपरेटरने काचेचा ड्रेन क्लोज्ड ड्रेनकडे उघडला. रेषा खाली उतरायला हवी होती. ती जागची हलली नाही. खालची टॅपिंग (गेजला स्क्रबरशी जोडणारे भोक) मेणाने पूर्ण बुजलेली होती आणि ट्रान्समीटर त्याच टॅपिंगवर बसवलेला होता. दोन्ही साधने एकमेकांशी सहमत होती, कारण दोघांचा कान एकाच भोकावर होता. स्क्रबर त्या वेळी काठोकाठ भरून कंडेन्सेट पुढे फेकत होता. पहिली टर्बाइन पुन्हा लागायला साडेचार तास गेले. त्या वेळात समुद्र खवळलेला, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते आणि पुरवठ्याची बोट बाजूला लागणे अशक्य होते. तेव्हापासून मी कोणत्याही प्रकल्पात फ्युएल गॅस स्क्रबरच्या ट्रान्समीटरला आणि गेजला स्वतंत्र नोझल असल्याशिवाय ड्रॉइंगवर सही केलेली नाही. उच्चपातळीच्या ट्रिपचा स्विच तर तिसऱ्याच नोझलवर हवा. त्यासाठी लागणारा खर्च एका इंजिनाच्या किमतीपुढे नगण्य आहे.

आता यंत्राकडे येऊ. ९०० किलोवॅटसाठी मी टर्बाइन घेणार नाही. टर्बाइनचे गुण मोठे आहेत. वजनाच्या मानाने शक्ती जास्त, देखभालीच्या खेपा कमी आणि वायूच्या गुणवत्तेतील काही फरक सोसण्याची ताकद, म्हणून जागा आणि वजन महाग असलेल्या समुद्रातल्या प्रोसेस प्लॅटफॉर्मवर तीच योग्य. पण तिचे मानांकन १५ अंश तापमानाला केलेले असते आणि बाडमेरच्या ४५ अंशांत साधारण पाचवा हिस्सा शक्ती कमी होते. लहान टर्बाइनची कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या आसपास असते आणि अर्ध्या लोडवर ती आणखी घसरते. तुमच्याकडे एक्झॉस्टची उष्णता तेल तापवायला पूर्ण वापरायची योजना असेल तर हिशेब थोडा बदलतो, तेवढाच अपवाद मी मानेन. गॅस इंजिन चाळीस टक्क्यांपर्यंत जाते, लहान तुकड्यांत घेता येते आणि त्याची दुरुस्ती करू शकणारा मेकॅनिक जोधपूर-अहमदाबादकडून एका दिवसात पोचतो. दुर्गम ठिकाणी हा शेवटचा मुद्दा कार्यक्षमतेपेक्षाही वजनदार आहे.

किती इंजिने? समजा स्थळावरच्या तापमानाला आणि तुमच्या वायूवर प्रत्येकी खरोखर ४०० किलोवॅट देणारी इंजिने घेतली. तीन चालली तर प्रत्येकावर ३०० किलोवॅट, म्हणजे ७५ टक्के लोड येतो आणि तो इंजिनाच्या प्रकृतीला मानवतो. त्यातले एक ट्रिप झाले की उरलेल्या दोघांवर प्रत्येकी ४५० पडतात आणि काही सेकंदांत तीही बसतात. चौथे इंजिन उभे असले तरी ते सुरू होऊन सिंक्रोनाइझ व्हायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ वारंवारता थांबून राहत नाही. म्हणून ब्रेकर उघडल्याचा संकेत मिळताच, ५० हर्ट्झवरून वारंवारता उतरण्याची वाट न पाहता, आधीच ठरवलेले १५० ते २०० किलोवॅटचे फीडर (वीजवाटपाच्या शाखा) सोडणारी लोड शेडिंग यंत्रणा हवी. कोणते फीडर, हे तुमच्या लोडच्या यादीतला तो नवा रकाना सांगतो. अंडर-फ्रीक्वेन्सी रिले (वारंवारता उतरल्यावर लोड सोडणारे) दुसऱ्या फळीत राहू द्या.

पाचवे इंजिन घ्या असे मी म्हणेन, आणि खरेदी विभाग त्याला विरोध करील. वर्षाचे ८,७६० तास धरले तर गॅस इंजिनाचे ऑइल, प्लग, व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि काही वर्षांनी हेडचे ओव्हरहॉल यांमुळे कोणते ना कोणते इंजिन वरचेवर उघडलेले असते. चारच इंजिने असतील तर त्या काळात तुमच्याकडे राखीव काहीच उरत नाही, आणि बिघाड ओव्हरहॉल संपेपर्यंत थांबत नाही. पाचवे परवडत नसेल तर नियोजित ओव्हरहॉलच्या काळासाठी भाड्याच्या सेटची जागा, केबल आणि ब्रेकर आजच ठेवा.

गॅस इंजिनाची एक मर्यादा तुम्हाला आधीच माहीत असावी. डिझेल इंजिन अचानक आलेला लोड जसा झेलते तसा गॅस इंजिन झेलत नाही. लीन-बर्न इंजिनाला लोड लहान पायऱ्यांत द्यावा लागतो. त्यामुळे २०० किलोवॅटची एक्स्पोर्ट पंपाची मोटार थेट लाइनवर सुरू करू नका. सहापट प्रवाहाने व्होल्टेज कोसळते आणि बाकीचे कॉन्टॅक्टर सुटतात. व्हीएफडी (मोटारीचा वेग हळूहळू वाढवणारे साधन) लावा. मात्र व्हीएफडीचे हार्मोनिक्स (प्रवाहाच्या लहरीतली विकृती) जनरेटरला ग्रिडपेक्षा जास्त बाधतात, कारण जनरेटरचा अंतर्गत अवरोध ट्रान्सफॉर्मरच्या दुपटीहून अधिक असतो. तेव्हा व्हीएफडी एकूण लोडच्या मोठ्या हिश्श्यावर जाणार असतील तर अल्टरनेटर निवडताना ते पुरवठादाराला लेखी कळवा.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे ब्लॅक स्टार्ट, पूर्ण अंधारातून पुन्हा उभे राहणे. डिझाइन मंजूर करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: या क्षणी सगळे बंद आहे, विहिरी शट-इन (बंद) आहेत आणि बाहेर अंधार आहे. आता पहिली कळ कोणती दाबायची? अनेक आराखड्यांत याचे उत्तर गोल फिरते. इंजिनाला वायू हवा, वायूला दाब देणारा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि वीज इंजिनातून यायची आहे. ही साखळी कुठेतरी तोडावी लागते. उच्च दाबाच्या एखाद्या विहिरीतून किंवा नळात साठलेल्या वायूतून कॉम्प्रेसरशिवाय एक इंजिन चालवता येईल अशी वाट ठेवा, अथवा डिझेल सेट एवढा घ्या की तो गॅस कॉम्प्रेसर, इन्स्ट्रुमेंट एअर, जॅकेट वॉटर हीटर, रेडिएटरचे पंखे आणि तेल सर्क्युलेशन एकत्र उचलू शकेल. तुमच्या क्षेत्रासाठी मी ३०० ते ४०० किलोवॅटचे दोन डिझेल सेट सुचवीन. क्षेत्र पहिल्यांदा सुरू होताना वायूच नसतो, त्या काळातही हेच सेट उपयोगी पडतात, आणि काही वर्षांनी विहिरींतला वायू आटू लागला की पुन्हा त्यांची पाळी येते. जनरेटर सेटचे मानांकन वाचताना आयएसओ ८५२८ मधला स्टँडबाय (आणीबाणीपुरते), प्राइम (बदलत्या लोडवर सतत) आणि कंटिन्युअस (स्थिर लोडवर सतत) हा भेद नीट पाहा. प्राइम मानांकनात चोवीस तासांचा सरासरी लोड साधारण ७० टक्क्यांपर्यंतच गृहीत असतो. आणि या सेटना दर आठवड्याला नुसते रिकामे फिरवून समाधान मानू नका. डिझेल इंजिन ३० टक्क्यांखाली वारंवार चालवले तर न जळलेले इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये व सिलिंडरमध्ये साचते, आणि खऱ्या लोडच्या वेळी इंजिन मान टाकते.

डिझेल सेट सुरू न होण्याचे सर्वांत सामान्य कारण इंजिनात नसते, ते स्टार्टिंग बॅटरीत असते. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर प्रत्येक दहा अंशांना साधारण निम्मे होते, आणि वाळवंटातल्या पत्र्याच्या खोलीत ५० अंश सहज होतात. बॅटरीची खोली सावलीत आणि हवेशीर बांधा, निकेल-कॅडमियमचा खर्च सोसत असेल तर तीच घ्या, आणि दोन सेटना दोन स्वतंत्र बॅटरी बँक व चार्जर द्या. डे टँकच्या तळाशी साचलेले पाणी दर पंधरवड्याला काढा. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणूंचा चिखल वाढतो आणि तो नेमका फिल्टरवर येऊन बसतो.

विहिरींच्या जागी वेगळे गणित लागते. कृत्रिम उत्थापनाचे (तेल वर खेचणारे) पंप असतील तर ११ केव्हीची ओव्हरहेड लाइन न्यावीच लागेल. पण ज्या विहिरी स्वतःच्या दाबाने वाहतात तिथे फक्त आरटीयू (विहिरीची माहिती दूरवर पाठवणारे यंत्र), रेडिओ, ट्रान्समीटर आणि रसायन सोडणारा छोटा पंप असतो. समजा सतत २५० वॅट लागतात, म्हणजे दिवसाला ६ युनिट. बाडमेरमध्ये धूळ धरूनही रोज चार तासांचे पूर्ण ऊन आणि एकूण ६५ टक्के कार्यक्षमता गृहीत धरली तर सुमारे २.३ किलोवॅटचे पॅनेल पुरतात, आणि तीन दिवसांच्या साठ्यासाठी, बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची राखीव धरून, २४ व्होल्टवर साडेनऊशे अँपिअर-अवरच्या जवळपास बॅटरी लागते. हाच लोड मुंबई हायच्या मानवरहित वेल प्लॅटफॉर्मवर असता तर जुलैच्या ढगांसाठी तीनच तास ऊन आणि सहा दिवसांचा साठा धरावा लागला असता, म्हणजे पॅनेल ३.१ किलोवॅटचे आणि बॅटरी दुप्पट. तिथे जहाजांना इशारा देणारा, मोर्स लिपीतले ‘यू’ अक्षर लुकलुकवणारा दिवा रात्रभर जळत राहणे ही सुरक्षेची बाब असते. समुद्रात पॅनेलवर मीठ आणि पक्ष्यांची विष्ठा साचते, वाळवंटात धूळ. दोन्हीकडे हिशेब पुस्तकातल्या स्वच्छ पॅनेलचा करून चालत नाही. आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने पुसण्याचे काम कोणाचे, हे नावानिशी ठरलेले असावे.

जिथे ऊन भरवशाचे नाही आणि वायू आहे, तिथे थर्मोइलेक्ट्रिक जनरेटर हा फार गुणी पर्याय आहे. बर्नरची उष्णता अर्धवाहकांच्या जोड्यांवर पडून थेट वीज तयार होते आणि एकही भाग फिरत नाही. कार्यक्षमता तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १०० वॅटसाठी दिवसाला साधारण आठ घनमीटर वायू जळतो. कारखान्यात हा आकडा ऐकून लोक नाक मुरडतील, पण निर्जन व्हॉल्व्ह स्टेशनवर किंवा कॅथोडिक प्रोटेक्शनसाठी (नळाला गंजापासून वाचवणाऱ्या विजेसाठी) वर्षातून एकदा बर्नर साफ करून चालणारे दुसरे यंत्र मिळणे कठीण आहे.

ग्रिडचे काय, हेही तुम्ही विचारले होते. नॉर्वेने ट्रोल ए प्लॅटफॉर्मला १९९६ पासून किनाऱ्यावरून वीज दिली, आणि अलीकडे हायविंड टॅम्पेन या ८८ मेगावॅटच्या तरंगत्या पवनक्षेत्रातून स्नोर आणि गुलफाक्स क्षेत्रांची वर्षाकाठी साधारण एक तृतीयांश गरज भागवली जाते. तिथेही वारा पडला की टर्बाइनच सांभाळतात. तुमच्याकडे ४० किलोमीटरची लाइन टाकणे शक्य झाले तर जरूर टाका, पण तिला सुरुवातीला एक अतिरिक्त स्रोत समजा. वाळवंटातल्या वादळात पडणाऱ्या खांबांवर मेणयुक्त तेलाची जबाबदारी सोपवू नका. मोठा सौर प्रकल्प जोडला तर दिवसा वायू वाचेल, मात्र ढग आला तरी इंजिने किमान लोडच्या खाली जाणार नाहीत आणि अचानक वरही फेकली जाणार नाहीत एवढी बॅटरी मध्ये ठेवा. हा भाग मी दुसऱ्या टप्प्यात ठेवीन, पण बसबारवर त्याच्यासाठी दोन रिकामे फीडर आजच सोडा.

नियमांबद्दल एवढेच सांगतो की जमिनीवरच्या तेलक्षेत्राला ऑइल माइन्स रेग्युलेशन्स २०१७ लागू होतात आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाचे अधिकारी तपासणीला येतात. धोकादायक क्षेत्रांचे वर्गीकरण झाल्याशिवाय जनरेटरची जागा पक्की करू नका. वाऱ्याची दिशा उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून असते. सेपरेटरमधून गळती झाली तर ती इंजिनाच्या हवेच्या वाटेकडे येणार नाही अशी मांडणी करा, कारण डिझेल इंजिन गळलेला वायूच ओढून घेऊन इंधन बंद केल्यावरही धावत राहू शकते. हवा बंद करणारा शट-ऑफ व्हॉल्व्ह त्यासाठीच असतो.

प्रकल्प ताब्यात घेताना कंत्राटदाराकडून एक चाचणी करून घ्या, आणि ती अटींमध्ये आधीच लिहून ठेवा. सगळी इंजिने बंद करायची, ग्रिड तोडायचा, आणि तुमच्याच शिफ्टच्या लोकांनी, कंत्राटदाराच्या कोणाचाही हात न लागता, बॅटरीपासून सुरुवात करून तेल सर्क्युलेशन पुन्हा चालू करायचे. घड्याळ लावा आणि किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा. ही चाचणी एकदा दिवसा आणि एकदा रात्री करा, आणि रात्रीची शक्यतो जानेवारीत. पहिल्या खेपेला कुठलातरी टॉर्च सापडणार नाही, एखादा व्हॉल्व्ह हाताने फिरणार नाही, किंवा कळेल की गॅस कॉम्प्रेसरचा लुब ऑइल पंप चुकून सोडून द्यायच्या फीडरवर जोडला आहे. वायूच्या पृथक्करणाचे दोन्ही अहवाल आणि तो नवा रकाना भरलेली लोडची यादी हाती आली की मला पाठवा. इंजिनाचा आकार आणि लोड शेडिंगचे टप्पे आपण त्यावरून बसवू.